राजघाटावर तापीचा अंदाज

बुऱ्हाणपूरचा राजघाट तापीच्या उजव्या, म्हणजे उत्तर काठावर आहे. जवळच शाही किल्ल्याच्या भिंती नदीपर्यंत उतरल्या आहेत आणि पलीकडच्या काठावर जैनाबाद आहे. उन्हाळ्यात पात्रातले खडक उघडे पडतात, पाणी मधल्या धारेपुरते उरते. पावसाळ्यात तीच नदी घाटाच्या पायऱ्या एकेक करून गिळते. हे पाणी बुऱ्हाणपुरात पडलेल्या पावसाचे फारच थोडे असते. ते बैतूल जिल्ह्यातील मुलताईपासून दोनशेहून अधिक किलोमीटरच्या वाटेवर, सातपुड्याच्या आणि मेळघाटच्या डोंगरांतून गोळा होऊन येते. त्यामुळे राजघाटावर उभे राहून नदीत उतरावे की नाही हे ठरवणाऱ्याला कायम एकच अडचण आली आहे. धोका जिथे तयार होतो ती जागा त्याला घाटावरून दिसत नाही. राजघाटावर तापीचा अंदाज घेण्याच्या सहा शतकांच्या इतिहासात माणसाने हीच अडचण हळूहळू, आणि अजूनही अर्धवटच, सोडवली आहे.

बुऱ्हाणपूर वसले ते इ. स. १४०० च्या सुमारास. खानदेशाचा फारुकी सुलतान नासिर खान याने उत्तर काठावरच्या शहराला शेख बुऱ्हानुद्दीन यांचे आणि दक्षिण काठावरच्या वस्तीला शेख जैनुद्दीन यांचे नाव दिले. नदीच्या दोन बाजूंना समोरासमोर दोन वस्त्या उभ्या राहतात तेव्हा मधल्या पात्राबद्दल त्या बरेच काही सांगतात. जिथे वर्षातले बरेच महिने उतार मिळतो तिथेच अशी जोडगावे टिकतात.

जोडगावांच्या या खुणेचा लष्करी इतिहासातला सर्वांत प्रसिद्ध उपयोग बुऱ्हाणपूरपासून फार दूर झालेला नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आताच्या जालना जिल्ह्यात असईजवळ इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीचे सैन्य केळणा नदीशी येऊन थांबले. पलीकडे शिंदे आणि भोसले यांच्या फौजा होत्या. वाटाड्यांनी जवळपास उतार नसल्याचे सांगितले. दोन्ही काठांवर अगदी समोरासमोर दोन गावे आहेत हे वेलस्लीने पाहिले आणि त्यांच्यामध्ये उतार असलाच पाहिजे असे ठरवले. तो निघाला, सैन्य पार झाले आणि लढाईचा निकाल फिरला. पुढच्याच महिन्यात याच मोहिमेतल्या कर्नल स्टीव्हन्सनने बुऱ्हाणपूर आणि मग असीरगड घेतला. पावसाळा सरत आला असतानाची ही मोहीम होती.

वस्तीच्या जागेवरून उतार कुठे हे कळते; उतार केव्हा हे सांगायला पंचांग लागते. मराठी मुलखात या पंचांगाचा कणा म्हणजे दसरा. पावसाळ्यात फौजा छावणीला राहत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघत. या चालीमागे धार्मिक भाव होताच, पण नद्यांच्या पाण्याचा अनुभवही होता. आश्विन उजाडेपर्यंत दख्खनच्या बहुतेक नद्यांना उतार मिळू लागतो, वाटांवरचा चिखल वाळतो आणि वैरण तयार असते. बुऱ्हाणपूरला दख्खनचा दरवाजा म्हणत. त्या दरवाजातून गेलेल्या मोठ्या फौजांच्या तारखा पाहिल्या की हा हिशेब स्पष्ट दिसतो. औरंगजेब दिल्लीच्या तख्तासाठी बुऱ्हाणपूरहून निघाला तो मार्च १६५८ मध्ये. संभाजी महाराजांच्या फौजेने बुऱ्हाणपूरच्या बहादुरपुऱ्यावर छापा घातला तो १६८१ च्या जानेवारीअखेरीस. त्याच वर्षी औरंगजेब दख्खनच्या मोहिमेसाठी बुऱ्हाणपुरात आला तो नोव्हेंबरात. उदगीरच्या विजयानंतर सदाशिवरावभाऊंची फौज याच बाजूने उत्तरेकडे गेली ती १७६० च्या उन्हाळ्यात. या सगळ्यांना तापी आड आली नाही, कारण त्यांनी ती आड येण्याचे महिने टाळले होते.

भाऊंच्या मोहिमेत पुढे जे झाले त्यातून याच हिशेबाची दुसरी बाजू कळते. उत्तरेत पोहोचेपर्यंत पावसाळा लागला आणि फुगलेल्या यमुनेने मराठे एका काठावर, अब्दाली दुसऱ्या काठावर अशी कोंडी केली. ऑक्टोबर १७६० मध्ये बागपतजवळ पाणी पुरेसे उतरले आहे की नाही याचा अंदाज अब्दालीने आधी घेतला आणि तो पार झाला. मराठ्यांचा दक्षिणेकडचा रस्ता त्यामुळे तुटला. पानिपतच्या कारणांची चर्चा करताना तोफा, रसद आणि तहांबद्दल पुष्कळ लिहिले जाते. नदीचे पाणी कोणी अधिक बारकाईने वाचले, या प्रश्नाला त्या चर्चेत याहून मोठी जागा मिळायला हवी.

पंचांग महिन्याचा अंदाज देते, दिवसाचा देत नाही. त्यासाठी घाटावरच खूण लागते. राजघाटाजवळच्या पात्रात खडकातून घडवलेला दगडी हत्ती आहे. त्याचा एक जुना लिखित उल्लेख विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याचा आहे. १६१० मध्ये सुरतेहून आग्र्याकडे जाताना तो बुऱ्हाणपुरात आला. शहराची हवा आणि पाणी त्याला मुळीच मानवले नाही, तशी तक्रार त्याने लिहून ठेवली आहे. किल्ल्याच्या कडेला नदीतला दगडी हत्ती मात्र त्याने कौतुकाने नोंदवला. हत्ती इतका हुबेहूब की पाणी प्यायला आलेल्या खऱ्या हत्तीने त्याच्यावर धाव घेतली आणि स्वतःचे सुळे मोडून घेतले, ही गावात ऐकलेली गोष्टही त्याने टिपली. हत्तीचे मस्तक लाल रंगवलेले असून लोक त्याची पूजा करतात, असेही तो सांगतो.

हा हत्ती कोणत्या हेतूने घडवला हा स्वतंत्र प्रश्न आहे. पण पात्रात कायम एका उंचीवर असलेली, सर्वांना ठाऊक असलेली कोणतीही वस्तू आपोआप मोजपट्टी होते. पाणी हत्तीच्या पायाला लागले, पोटाला लागले, पाठीवरून गेले, हे काठावरच्या कुणालाही सांगता येते आणि ऐकणाऱ्यालाही समजते. घाटाच्या पायऱ्या ही दुसरी मोजपट्टी. दर तासाला किती पायऱ्या बुडाल्या यावरून पाणी चढण्याचा वेग कळतो, आणि धोका ओळखण्यासाठी नुसत्या पातळीपेक्षा वेग अधिक उपयोगी असतो. आषाढ शुद्ध सप्तमीला तापीचा जन्मोत्सव होतो आणि लोक पूजेसाठी घाटावर जमतात. हा दिवस पावसाळ्याच्या सुरुवातीचा आहे. पहिल्या पाण्याशी सगळ्या गावाची गाठ त्या दिवशी पडते.

पाण्याची उंची डोळ्यांनी दिसते, बाकी गोष्टी जाणत्यालाच कळतात. नदीकाठचे भोई, कोळी आणि नावाडी पाण्याच्या रंगाकडे आधी पाहतात. निवळ पाणी अचानक गढूळ झाले, फेस आला, पालापाचोळा आणि ओल्या सालीची लाकडे वाहून येऊ लागली, तर वरच्या अंगाला पाऊस झाला आहे आणि लोंढा वाटेत आहे. इथे आकाश निरभ्र असले तरी त्या खुणेत फरक पडत नाही. पात्रात उतरणाऱ्याने खोलीपेक्षा ओढीला भ्यावे, हाही त्यांचाच धडा आहे. त्यामागचे गणित सरळ आहे. वाहत्या पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. म्हणून गुडघाभर पाण्यातही माणसाचे पाय सुटतात आणि फरशी पुलावर हातभर पाण्यात चारचाकी तरंगून बाजूला जाते. खडकाळ तळावर शेवाळ असले तर त्याहून कमी पाणी पुरते.

या सर्व खुणांची मर्यादा एकच. त्या दिसू लागतात तेव्हा लोंढा जवळ आलेला असतो. तापीच्या बाबतीत ही मर्यादा विशेष जाचते आणि त्याचे कारण नदीच्या दिशेत आहे. भारतीय द्वीपकल्पातल्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेला वाहतात. तापी आणि नर्मदा पश्चिमेला जातात. बंगालच्या उपसागरात तयार होणारे कमी दाबाचे पट्टेही पावसाळ्यात साधारण पश्चिमेकडे, वायव्येकडे सरकतात. म्हणजे पाऊस आधी बैतूलच्या पठारावर पडतो आणि मग नदीच्या पाण्याबरोबरच खाली चालत येतो. वरून आलेल्या लोंढ्यात वाटेतल्या उपनद्यांचे ताजे पाणी नेमक्या वेळी मिसळते. पाऊस उलट्या दिशेने सरकला असता तर खालचे पाणी आधी निघून गेले असते आणि वरचे मागाहून आले असते. तापीला ती सवलत क्वचितच मिळते.

दुसरे कारण जमिनीत आहे. खोऱ्याचा मोठा भाग बेसाल्ट खडकाचा आणि त्यावरच्या काळ्या मातीचा आहे. उन्हाळ्यात ही माती भेगाळते आणि मृगाचा पाऊस त्या भेगांत जिरतो. ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत माती फुगून भेगा मिटतात, जमीन तुडुंब भिजलेली असते. जूनमध्ये ज्या पावसाने नदी जेमतेम हलते त्याच पावसाने भाद्रपदात पूर येतो. म्हणून आज किती पाऊस पडला हा प्रश्न अपुरा आहे. तो पाऊस कोणत्या अवस्थेतल्या जमिनीवर पडला हे कळल्याशिवाय अंदाज करता येत नाही. घाटावरचा माणूस पाणी पाहतो, जमिनीची ही अवस्था मात्र त्याला दिसत नाही.

वरच्या अंगाची बातमी खाली आधी पोहोचवायची, हा उपाय सुचायला अवघड नव्हता. पण लोंढ्यापेक्षा वेगाने जाणारी बातमी तारायंत्र येईपर्यंत शक्य नव्हती, आणि ती शक्य झाल्यावरही तापीसाठी शास्त्रशुद्ध व्यवस्था उभी राहायला फार काळ लागला. किंमत खालच्या शहराने मोजली. समुद्राजवळचे सुरत हे तापीच्या पुराचे कायमचे गिऱ्हाईक. १८३७ मध्ये आधी भीषण आगीने आणि मग त्याच वर्षीच्या पुराने सुरत उद्ध्वस्त झाले. ऑगस्ट १९६८ च्या पुरात नदीतून सुमारे १५ लाख क्युसेक पाणी वाहिल्याचा अंदाज आहे. भारतात शास्त्रीय पूर अंदाजाचे काम दिल्लीजवळच्या यमुनेसाठी १९५८ मध्ये सुरू झाले होते. सुरतच्या या पुरानंतर १९६९ मध्ये देशातल्या आंतरराज्य नद्यांसाठी नवी केंद्रे उघडली गेली, त्यात सुरतचे केंद्र होते.

त्या व्यवस्थेत बुऱ्हाणपूरला महत्त्वाची जागा मिळाली. केंद्रीय जल आयोगाची निरीक्षणस्थळे तापीवर माळेसारखी आहेत. वर देडतलाई, मग बुऱ्हाणपूर, पुढे भुसावळ, सावखेडा, गिधाडे, सारंगखेडा. पूर्णा नदीवर येर्ली, गोपाळखेडा आणि लखपुरी ही ठिकाणे आहेत, कारण पूर्णा चांगदेवजवळ तापीला मिळते आणि तिचा पूर बुऱ्हाणपूर चुकवून येतो. अशा ठिकाणी काठावर आकडे रंगवलेल्या पातळीपट्ट्या असतात. पुराच्या दिवसांत दर तासाला पातळी वाचली जाते, धारेत वेगमापक सोडून वेग मोजला जातो, पात्राचा छेद ठाऊक असल्याने त्यावरून एकूण प्रवाह काढता येतो.

सुरुवातीची अंदाजाची रीत साधी पण भरवशाची होती. मागच्या अनेक पुरांच्या नोंदी घेऊन वरच्या ठाण्यावर पाणी अमुक उंचीला असताना खालच्या ठाण्यावर किती तासांनी किती उंचीला गेले, याचे आलेख काढत. नवा पूर आला की वरची पातळी बिनतारी यंत्रावरून कळे आणि आलेखावर खालची पातळी वाचता येई. आता उपग्रहाद्वारे आपोआप नोंदी येतात आणि पावसाचे आकडे संगणकाच्या प्रतिमानात घातले जातात. मूळ कल्पना तीच आहे: काठावरचा एक डोळा वर नेऊन ठेवायचा.

सुरतचे केंद्र निघाले त्याच १९६९ साली मनालीला हिम आणि हिमस्खलन अभ्यासासाठी संरक्षण खात्याची संस्था उभी राहिली. हा योगायोग असला तरी दोन्ही कामांची जात एक आहे. बर्फाचा डोंगर वरून पांढरा आणि एकसंध दिसतो. धोका आतल्या थरांत असतो. हिवाळ्याच्या प्रत्येक हिमवर्षावाचा वेगळा थर बसतो. त्यातला एखादा थर साखरेसारख्या सुट्या कणांचा झाला की त्यावरचा जड थर घसरायला फक्त निमित्त लागते. उतार साधारण ३० ते ४५ अंशांचा असेल तर एका माणसाचे वजनही ते निमित्त होते. म्हणून स्की घेऊन मोकळ्या डोंगरात जाणारे जाणते लोक आधी बर्फात खड्डा खणतात, थरांचा छेद पाहतात, एक ठोकळा मोकळा करून त्यावर भार देऊन तो किती भाराला सुटतो हे तपासतात. स्वित्झर्लंडमध्ये डाव्होसजवळ या अभ्यासाला १९३० च्या दशकात शिस्त आली, आणि १९९३ मध्ये युरोपातल्या देशांनी धोक्याची पाच पायऱ्यांची एकच मोजपट्टी मान्य केली. तिथेही नव्याने किती बर्फ पडले एवढ्यावर कुणी थांबत नाही. ते कशावर पडले हे आधी विचारले जाते.

भारतात पुरासाठी जल आयोगाची मोजपट्टी चार पायऱ्यांची आहे. इशारा पातळीखाली सामान्य स्थिती. इशारा आणि धोका पातळींच्या मध्ये सामान्याहून वरचा पूर. धोका पातळीच्या वर तीव्र पूर. आणि आजवरच्या सर्वोच्च नोंदीला गाठले किंवा ओलांडले तर अतितीव्र पूर. शेवटच्या पायरीत एक कमकुवत जागा आहे. सर्वोच्च नोंद म्हणजे नोंदी ठेवू लागल्यापासूनची सर्वोच्च. पातळीपट्टी काही दशकांपूर्वी बसली असेल तर त्याआधीचे पूर तिला ठाऊक नाहीत. वाडवडिलांच्या आठवणीतला पूर, देवळाच्या भिंतीवर खडूने किंवा छिन्नीने केलेली खूण, या गोष्टी सरकारी आलेखात शिरत नाहीत.

ही उणीव भरून काढण्याचे एक काम मराठी अभ्यासकांच्या हातून झाले आहे. मोठ्या पुरात मुख्य धारेच्या बाजूला, खडकाच्या आडोशाला किंवा उपनदीच्या मुखात पाणी थबकते आणि त्यातला बारीक गाळ खाली बसतो. पूर ओसरल्यावर तो थर तसाच राहतो. पुढच्या मोठ्या पुराचा थर त्यावर चढतो. काठाचा असा भाग उभा कापला की एकावर एक थर दिसतात आणि प्रत्येक थर एका पुराची नोंद असतो. सर्वांत वरच्या थराची उंची त्या पुराच्या पातळीची किमान मर्यादा सांगते. थरातला कोळसा किंवा वाळूचे कण तपासून त्याचे वय काढता येते. ही पद्धत अमेरिकेत व्हिक्टर बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केली. पुणे विद्यापीठाच्या भूगोल विभागातील विश्वास काळे यांनी ती नर्मदा आणि तापीच्या खडकाळ घळींत लावली आणि २००३ मध्ये बेकर यांच्यासह त्या नोंदींवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. पट्टीला साठ-सत्तर वर्षांची स्मृती असते; गाळाचे थर कित्येक शतके मागे नेतात. बर्फातला खड्डा आणि काठावरचा हा छेद दोन्ही जिवावरच्या प्रश्नांना उत्तर देतात. फरक एवढाच की बर्फाची नोंद उन्हाळ्यात वितळून जाते, गाळाची नोंद माणसाने खणून नेली नाही तर टिकते.

धरणांनी या सगळ्या हिशेबात नवी अट घातली. उकाई १९७२ मध्ये पूर्ण झाले, त्याच्या वर भुसावळजवळचे हतनूर १९८० च्या दशकात. धरण पूर अडवू शकते, पण जागा आधी मोकळी असेल तरच. जागा केव्हा मोकळी करायची हे वरच्या ठाण्यांच्या अंदाजावर ठरते. अंदाज उशिरा आला किंवा आलेल्या अंदाजावर पाणी वेळेत सोडले नाही तर धरणाचाच लोंढा होतो. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सुमारे नऊ लाख क्युसेकपर्यंत पाणी सोडावे लागले आणि सुरतचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. पाणी केव्हापासून आणि किती सोडायला हवे होते यावर पुढे कित्येक वर्षे वाद झाला. त्यानंतर धरणातली पावसाळी पातळी आणि अंदाज यांची सांगड अधिक काटेकोरपणे घातली जाऊ लागली.

बुऱ्हाणपूरची स्थिती या साखळीत वेगळी आहे. हतनूर आणि उकाई दोन्ही त्याच्या खाली आहेत, त्यामुळे त्यांचा आडोसा राजघाटाला नाही. उकाईसारखे मोठे धरण वर नाही. बुऱ्हाणपूरची नोंद खानदेशाला आणि सुरतला बराच वेळ मिळवून देते. खुद्द बुऱ्हाणपूरला मिळणारा वेळ मात्र देडतलाईपासूनच्या थोड्या अंतराएवढाच असतो. सातपुडा आणि मेळघाटातल्या सिपनासारख्या उपनद्यांचे पाणी किती वेगाने उतरते यावर तो आणखी कमी होतो. दोन शहरांना एकाच व्यवस्थेतून इतका असमान लाभ मिळावा हे योग्य नाही. वरच्या भागात पाऊस आणि पातळी मोजणारी ठाणी वाढवणे, आणि त्यांचे आकडे सुरतच्या आधी बुऱ्हाणपूरच्या घाटापर्यंत पोहोचवणे, हा त्यावरचा उपाय आहे.

त्याच्या जोडीला एक काम बुऱ्हाणपूरकरांना कोणत्याही निधीशिवाय करता येईल. राजघाट, नागझिरी आणि सतियारा घाटांवर, जैनाबादच्या बाजूला आणि काठच्या देवळांत जुन्या पुरांच्या ज्या खुणा कुणाला ठाऊक असतील त्या दाखवाव्यात, त्यांची उंची कायमच्या पातळीपट्टीशी जोडून वर्षासह लिहून ठेवावी, आणि काठावरच्या गाळाच्या थरांना मातीच्या उपशापासून वाचवावे.